पटावर नसलेला आवाज

गाणंबाई मुळात गाण्यातल्या नव्हत्याच. चोवीस वर्षं त्या एका प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळत होत्या. वजाबाकी, जोडाक्षरं, सुटलेल्या नाड्या, वाहणारी नाकं, असा सगळा मामला. गळा चारचौघींसारखाच, कान मात्र भलताच तिखट. वर्ग एका आवाजात पाढे म्हणत असला की फळ्यावर लिहिता लिहिता, मागे न बघता त्या म्हणायच्या, "खिडकीजवळचा नुसता बसलाय. आणि शेवटच्या बाकावरून दोघींचेच आवाज येताहेत. तिसरी काय खातेय?" तिसरी खरोखर खोडरबर चावत असायची. बाईंना पाठीलाही डोळे आहेत अशी मुलांची खात्री होती. डोळे कसले, तीस मुलांच्या कल्लोळातून एकेक आवाज सुटा करून त्या मोजू शकायच्या, एवढंच. त्यात काही विशेष आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही.

वाटलं ते टिंगसरांना. टिंगसर म्हणजे त्या भागातल्या एकोणीस शाळांचे संगीत सल्लागार शिक्षक. खिशात नादकाटा घेऊन फिरायचे, गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचे आणि मग सूर द्यायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. एकदा वर्गात गाणं चालू असताना गाणंबाई सहज म्हणाल्या, "एकोणतीसच गाताहेत." टिंगसरांनी एकेका मुलाजवळ कान नेला. एका मुलीचा घसा बसला होता. पुढे स्वतःच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तेव्हा त्यांनी वरच्या ऑफिसात गाणंबाईंचंच नाव दिलं.

"मला काय येतं गाण्यातलं?" त्या म्हणाल्या.

"मुलांना गाणं शिकवायला जायचंच नाही. शिक्षकांची भीती घालवायला जायचं. शंभरातले नव्वद म्हणतात, मला गाता येत नाही. त्यांना विचारायचं, असं कोणी सांगितलं? बघा, प्रत्येकाला सांगणाऱ्याचं तोंड आठवतं."

घरी नवरा म्हणाला, "इतकी वर्षं मला फुकट सल्ला देत होतीस, आता पगारी देशील." पण अर्ज त्यानेच टाईप करून दिला. मग वर्षभर त्या टिंगसरांबरोबर शाळाशाळांतून हिंडल्या. लाकडी पट्ट्यांचं वाद्य, दोन खंजिऱ्या, डझनभर खुळखुळे असं ओझं पिशवीत घालून. लाजणाऱ्या शिक्षकाला आधी नुसतं गुणगुणायला कसं लावायचं, मुलांच्या गळ्याला झेपेल असा वरचा सूर कसा द्यायचा, गणिताच्या तासात टाळ्यांचा ठेका कसा घुसवायचा, हे सगळं त्या पन्नाशीत शिकल्या. शेवटच्या दिवशी टिंगसरांनी नादकाटा त्यांच्या हातात ठेवला. "तुम्हाला याची गरज नाही," ते म्हणाले, "पण हात रिकामा बरा दिसत नाही."

एकटीने काम सुरू केल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळच्या शाळेत गेल्या. लांबलचक एकमजली इमारत, फरशीला फिनेलचा वास, व्हरांड्यात मुलांच्या उंचीवर लावलेल्या खुंट्या. मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं, "चौथीच्या बाई फार चांगल्या आहेत. गाणं सोडून त्यांना काहीही सांगा."

चौथीच्या बाई तिथे एकतीस वर्षं होत्या. उंच, सडपातळ, बाह्यांना कायम खडू. वेळापत्रकात मंगळवारी शेवटचा तास गाण्याचा होता. त्या तासाला त्या मुलांकडून शुद्धलेखन करून घ्यायच्या.

"तुम्हाला गाता येत नाही असं कोणी सांगितलं?" गाणंबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला.

"कोणी नाही. मला छान गाता येतं," बाई म्हणाल्या. "या खोलीत नको एवढंच."

असली उत्तरं टाळाटाळीची असतात हे गाणंबाईंना ठाऊक होतं. त्यांनी हसून पिशवी उघडली आणि वर्गाला स्वतःच एक गाणं शिकवलं. टिंगसरांनी मुलांसाठी रचलेलं, दोनच ओळींचं, गोल गोल फिरत राहणारं:

नाव निघाली तीरावरून,
वारा आला दुरून दुरून.

मुलं सव्वीस. सगळी हजर, सगळी गात होती. दुसऱ्या फेरीला सूर जुळले आणि सवयीप्रमाणे गाणंबाईंनी मनात मोजलं. सत्तावीस.

मोजण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा गायला लावलं. पुन्हा सत्तावीस. त्यांनी वर्गाचे दोन भाग केले; तेरा गायले, तेरा ऐकू आले. दुसरे तेरा गायले, तेराच आले. बाकांच्या एकेका रांगेकडून म्हणवून घेतलं, बरोबर. मग सगळ्यांना एकत्र गायला लावून त्या बाकांमधून चालत गेल्या. एकही ओठ असा नव्हता ज्यातून दोन आवाज यावेत. जास्तीचा आवाज मुलीचा होता, बारीक, स्वच्छ. भिंतीतून किंवा खिडकीबाहेरून येत नव्हता. मुलांच्या मधूनच येत होता, पण ज्या बाकाजवळ जावं त्या बाकावर नसायचा.

त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं. सव्वीस मुलं थांबली. तो आवाज अर्धा श्वास उशिरा थांबला.

चौथीच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. "तुम्हालाही आला ना ऐकू?" एवढंच म्हणाल्या.

घंटा झाली. मुलं दप्तरं घेऊन पळाली. मग दोघी त्या लहानशा बाकांवर गुडघे दुमडून बसल्या आणि बाईंनी सांगितलं.

"मी इथे लागले त्या वर्षीची गोष्ट. कार्यक्रमात माझ्या वर्गाचं समूहगान होतं. एक मुलगी सुरात गायची, पण मागे राहायची. सगळे थांबले की तिची शेपटी उरायची. मी नवीन होते, मला नाव कमवायचं होतं. तिला म्हटलं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. तिने ऐकलं. इतकं ऐकलं की वर्षभर वर्गात तोंडच उघडलं नाही. कविता म्हणताना, पाढे म्हणताना, नुसते ओठ. मग वडिलांची बदली झाली आणि ते लोक निघून गेले. दोन वर्षांनी हे सुरू झालं. सगळीच्या सगळी मुलं गायली तरच येतो तो आवाज. एक जरी गप्प राहिलं तर नाही येत. म्हणून मी गाणंच बंद केलं."

"ती मुलगी..." गाणंबाईंना पुढचं विचारवेना.

"वारली असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. चौकशी केली. चांगली खुशाल आहे. चाळिशीची बाई आहे, दोन मुलं आहेत." बाईंनी बाहीवरचा खडू झटकला. "माणूस मोठं होऊन निघून गेलं. आवाज मात्र इथेच नऊ वर्षांचा राहिला. मेलेल्याचं असतं तर मी काहीतरी समजूत घातली असती मनाची. जिवंत माणसाचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी गाणंबाईंनी टिंगसरांना फोन लावला. ते सगळं ऐकून म्हणाले, "घाबरू नका. खूप आवाज अगदी एका सुरात आले की वरच्या पट्टीत एक सूर आपोआप उमटतो. जुन्या गाणाऱ्यांना हे माहीत असतं. त्यात भूतबीत काही नाही."

"तो सूर शब्द म्हणतो का हो, सर?"

"नाही," टिंगसर म्हणाले. "शब्द नाही म्हणत." आणि त्यांनी आपल्या पथ्यपाण्याचा विषय काढला.

त्या रविवारी सकाळी गाणंबाई लेकीबरोबर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लेक एकोणतीस वर्षांची, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला. आईने ही हकिकत घरात अजून कोणालाच सांगितली नव्हती, लेकीला सांगितली. शेवटी म्हणाल्या, "काय बाई तरी एकेक. लहान पोरीला असं कोणी सांगतं का?"

लेकीने चादरीचं टोक धरलं होतं ते तसंच धरून ठेवलं. "तू मला सांगितलं होतंस की," ती म्हणाली.

"मी? तुला?"

"दुसरीत तूच माझ्या वर्गावर होतीस ना. तुला वाटत होतं, बाईंची मुलगी म्हणून पुढे घेतली असं म्हणतील लोक. मला मागच्या रांगेत उभं केलंस आणि म्हणालीस, तू ओठ हलवलेस तरी चालेल."

"शक्यच नाही," गाणंबाई म्हणाल्या. पण म्हणतानाच त्यांना त्या कार्यक्रमाचा मंडप, तो मुख्याध्यापकांचा कोट असं सगळं आठवायला लागलं. स्वतःचं ते वाक्य काही केल्या आठवेना.

"अगं, सोड. त्याला किती वर्षं झाली," लेक म्हणाली आणि चादरीची घडी पुरी केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांची स्वतःची जुनी शाळा एकोणीस शाळांच्या यादीत होतीच. आजवर काही ना काही निमित्त काढून त्यांनी ती पुढे ढकलली होती. जिथे चोवीस वर्षं काढली तिथे पाहुणी म्हणून जायला कसंसंच वाटतं, असं त्या स्वतःला सांगत. आता त्या गेल्या. दुसरीच्या वर्गावर एक तरुण सर आले होते, हौशी, गाण्याला मुळीच न लाजणारे. खोलीला नवा रंग होता. फळा मात्र तोच, उजव्या कोपऱ्यात पोपडा निघालेला.

मुलं चोवीस. गाणं तेच, नावेचं.

पहिल्या फेरीला चोवीस. दुसऱ्या फेरीला एक लाजरा मुलगाही मोकळा होऊन गायला लागला, आणि मुलांच्या मधून पंचविसावा आवाज आला. बारीक, किंचित घोगरा. त्यांच्या वेळी या वर्गात कोणी ना कोणी गप्प बसलेलं असायचंच; सगळीच्या सगळी मुलं गाताना त्यांनी इथे कधी ऐकलीच नव्हती.

नाव निघाली तीलावलून,
वाला आला दुलून दुलून.

गाणंबाईंनी टेबलाची कड धरली. सर उत्साहात हातवारे करत होते, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना आठवलं, लेकीला लहानपणी 'र' म्हणता येत नसे. सगळे कौतुकाने तिच्याकडून तो पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे. गाणंबाईंना शंकाच उरली नाही. त्या घरी आल्या तेव्हा लेक टेबलाशी बसून जेवत होती, धडधाकट, फोनवर काहीतरी बघत हसत होती. दारातच उभं राहून त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. हिचं एक बोट जरी कापलं तरी आपण धावलो, आणि एवढी मोठी वस्तू आपण तिकडे ठेवून आलो ती बावीस वर्षं लक्षातही आली नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात येत होतं.

"माझ्याबरोबर शाळेत येशील?" त्यांनी विचारलं.

लेकीने फार प्रश्न केले नाहीत. पुढच्या वेळी ती सुट्टी घेऊन आली आणि वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मुलं गायला लागली. दुसऱ्या फेरीला तो आवाज आला तसा तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे तिलाही येत होता ऐकू. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग आईचा दंड धरून तिला व्हरांड्यात घेऊन गेली.

"आई, ती मी नाही."

"अगं, 'र' ऐकलास ना?"

"मला 'र' व्यवस्थित यायचा. मला 'श' यायचा नाही. मी साळा म्हणायचे. 'र' यायचा नाही तो मुंगीला."

"कोण मुंगी?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "माझ्या शेजारी उभी असायची. एवढीशी होती, म्हणून सगळे मुंगी म्हणायचे. तूसुद्धा. मला तू म्हणालीस, ओठ हलवलेस तरी चालेल. तिला म्हणालीस, तू फक्त ओठ हलवायचे, लोक हसतील. तिने विचारलं, हळू म्हटलं तर? तू म्हणालीस, हळूसुद्धा नाही."

गाणंबाईंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. चोवीस वर्षांत जवळजवळ सातशे मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. खोडरबर खाणारी आठवत होती, सारखी शिंकणारी जुळी आठवत होती. मुंगी म्हणून चेहराच समोर येईना. व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी नळ सोडला होता, त्याच्या पाण्याचा आवाज येत राहिला. आणखी कितीजणांना आपण असं सांगितलं असेल, हे लेकीला विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं.

वर्गमैत्रिणींच्या ओळखीतून लेकीने मुंगीचा नंबर मिळवला. दोन तासांच्या अंतरावरच्या गावात तिचं कपडे लहानमोठे करून देणारं दुकान होतं. गाणंबाईंनी शनिवारी दुपारी फोन केला.

"बाई? खरंच तुम्ही?" पलीकडून शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला. बोलणं मोकळं, 'र' अगदी खणखणीत. "आरशासमोर बसून बसून शिकले हो. गिऱ्हाइकांशी बोलायचं म्हणजे..."

"मी तुला गाताना गप्प राहायला सांगितलं होतं. आठवतं?"

"हो, आठवतं की. आणि बरंच केलंत. मला गाता येत नाही हे लवकर कळलं, नाहीतर कुठेतरी फजिती झाली असती." ती हसली, मनापासून. "माझी मुलगी आता पहिलीत आहे. तिचाही आवाज माझ्यावर गेलाय. तिला मी आधीच सांगून ठेवलंय, तू नुसते ओठ हलव."

गाणंबाईंनी काय उत्तर दिलं ते त्यांना नंतर आठवेना. पुढच्या शनिवारी त्या बसने त्या गावी गेल्या.

दुकान अरुंद, दोन्हीकडे टांगलेले कोट आणि पँटी, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी. मुंगी आता मुळीच मुंगी नव्हती. उंच, गोल चेहऱ्याची बाई. तिने खुर्ची पुसून दिली. मुलगी टेबलाखाली चिंध्यांत बसली होती.

"बाईंना गाणं दाखव गं," आई म्हणाली.

मुलगी उठून सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि गाऊ लागली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, श्वास योग्य जागी घेतला जात होता, ओळ संपली की मान किंचित झुकत होती. आवाज मात्र कसलाच नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आई कौतुकाने बघत होती.

"बघा, एक शब्द चुकत नाही," ती म्हणाली.

इतकी वर्षं वर्गात मोजणाऱ्या त्या कानांना पहिल्यांदाच काय मोजावं ते कळेना. दुपारचं ऊन दारात पडलं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती, आणि गाणंबाईंच्या अंगावर असा काटा आला की त्यांनी खांद्यावरची शाल ओढून घेतली. त्या बिनआवाजी आवाजाची भीती त्यांना शाळेतल्या त्या जास्तीच्या आवाजापेक्षा जास्त वाटली.

त्या दिवशी मुलगी गायली नाही. गाणंबाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी मुंगीची माफी मागितली. मुंगी इतकी संकोचली की उठून चहा करायला गेली. पुढे महिन्यातून एका शनिवारी त्या जात राहिल्या. कधी दुरुस्तीला एखादा झगा नेत, कधी काहीच नाही. टेबलाखाली चिंध्यांत मुलीशेजारी बसत, पण शिकवणी अशी काही त्यांनी घेतली नाही. बटणं डब्यात टाकत ठेका धरला, शिवणयंत्राच्या घरघरीवर गुणगुणल्या, मांजरासारखं ओरडल्या. मुलगी ऐकायची आणि ओठ हलवायची.

इकडे काम चालूच होतं. चौथीच्या बाईंनी निवृत्तीच्या आधीचं सबंध वर्ष मंगळवारचा तास गाण्यालाच दिला. "गाऊ दे तिलाही," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर कोण ऐकणार तिला?" त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या बाई म्हणतात, या वर्गाचा आवाज फार भरदार लागतो, काय गंमत आहे कळत नाही. गाणंबाई त्यांना काही सांगत नाहीत. जुन्या शाळेत त्या पंधरा दिवसांनी जातात. तो घोगरा आवाज तिथे अजून येतो. मुंगीशी बोलणं झालं, माफी मागून झाली, तरी गेला नाही. आधी त्यांना वाटे की गेला पाहिजे. आता त्या गाणं संपलं की जरा थांबतात आणि मगच मुलांना बसायला सांगतात. प्रत्येक नव्या शिक्षकाला मात्र त्या पहिल्याच भेटीत बजावतात की वर्गात एकालाही नुसते ओठ हलवायला सांगायचं नाही. का, असं एकाने विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलेलं आपल्याला आठवत नाही म्हणून."

मुंगीकडे जायला लागल्यापासूनच्या पाचव्या का सहाव्या शनिवारी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक बाई कोट घालून बघत होती, तिचा नवरा दारात कंटाळून उभा होता. गाणंबाई टेबलाखाली बटणं निवडत स्वतःशीच काहीतरी गात होत्या. मुलगी नेहमीसारखे ओठ हलवत होती. आणि मध्येच, कसलीही पूर्वसूचना न देता, तिच्या तोंडून आवाज फुटला. मोठा, फाटका, कुठल्याच सुरात न बसणारा. दारातला माणूस वळून बघायला लागला. कोटवाली बाई हसली.

मुंगी तोंडात टाचण्या धरून वाकली होती. ती झटक्यात वळली आणि तिचा हात मुलीच्या तोंडाकडे गेला. अर्ध्यावर तो थांबला. तिने गाणंबाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी गातच होती. मुंगीने हात मागे घेतला, तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "थांबा जरा. तिचं होऊ दे."